उसनी पत

गणपती उठले की वरूडच्या फ्लेक्सच्या दुकानांत दिवाळीचं काम सुरू होतं. अशाच एका दुकानात संगणकाच्या पडद्याशेजारी बसून होतो. गिऱ्हाईक ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारं. त्यांना शुभेच्छांचा फलक हवा होता आणि त्याच्या आधी, आजच्या आज, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकायला उभं डिझाइन. तिशीच्या आतल्या डिझायनरनं गूगलवर एका नामांकित ट्रॅक्टर कंपनीचं नाव टाकलं, पुढे ‘लोगो पीएनजी’ लिहिलं, आलेल्या चित्रांतलं सगळ्यात स्वच्छ निवडलं आणि कोरलमध्ये ओढलं. लोगोच्या गोलाभोवती झेंडूची माळ बसली. कंपनीचा ठरलेला रंग पिवळ्या बॅकग्राउंडवर उठेना म्हणून तो बदलून केशरी झाला. नावातल्या एका अक्षराच्या जागी पणती आली. खाली गिऱ्हाइकाचा हात जोडलेला फोटो, दुकानाचं नाव, मोबाइल नंबर. फ्लेक्स मशीनवर चढायच्या आत ते डिझाइन गावातल्या ग्रुपांवर फिरायला लागलं होतं.

कंपनीला विचारलं का, असं मी म्हटलं. डिझायनरला प्रश्नच नवा होता. “गूगलवर टाकलं की येते ना जी. लपवून ठेवलेली वस्तू थोडीच हाये?” गिऱ्हाइकानं भर घातली, “आमी तं तिचीच जाहिरात करून राह्यलो. कंपनीले उलट खुशीच वाटन.”

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘ओळख’ हा विषय दिला, तेव्हा माणसांच्या ओळखीपेक्षा मालाची ओळख डोक्यात आली आणि मी वरूडला गेलो. सातपुड्याच्या पायथ्याचा हा तालुका. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. इथला माल दूरच्या मंड्यांत जातो आणि दूरच्या कंपन्यांचा माल इथल्या कृषी केंद्रांत येतो. दोन्ही दिशांनी जे काही ये-जा करतं, ते एखाद्या छोट्या चित्राच्या भरवशावर. पाकिटावरचं चिन्ह पाहून शेतकरी बियाणं घेतो, पेटीवरची छाप पाहून व्यापारी भाव बोलतो. त्या चिन्हाला कुणी हात लावला, त्याचा रंग-आकार बदलून ते इंटरनेटवर टाकलं, तर कायदा काय म्हणतो, हे आता प्रत्येक मोबाइलधारकाला लागू पडतं. कारण पूर्वी हे काम पेंटर करायचा आणि पाटी गावात राहायची. आता ते कुणीही करतो आणि मुंबईत बसलेल्या कंपनीच्या वकिलाला ते दुसऱ्या दिवशी दिसतं.

एका चित्रावर दोन हक्क

लोगोवर एकाच वेळी दोन कायदे लागू असतात, आणि बहुतेक गोंधळ ते एकच समजल्यामुळे होतो.

पहिला १९५७ चा कॉपीराइट कायदा. लोगो ही रेखाटलेली कलाकृती आहे. ती काढली त्या क्षणी हक्क तयार होतो, त्यासाठी कुठेही नोंदणी करावी लागत नाही. कलाकाराच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात साठ वर्षं तो टिकतो. नक्कल करणं, लोकांसमोर मांडणं, त्यात फेरफार करून नवं रूप देणं या सगळ्याची परवानगी हक्कदाराकडून घ्यायची असते. गूगल चित्र दाखवतो, वापरायचा परवाना देत नाही. शोधयंत्रात सापडलेलं चित्र मोकळं असतं ही समजूत वरूडपासून मुंबईपर्यंत सगळीकडे आहे, आणि ती सगळीकडे सारखीच चुकीची आहे.

दुसरा १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. इथे चित्राच्या सौंदर्याशी संबंध नाही. हा माल कुणाचा आहे हे ग्राहकाला सांगणारी खूण, एवढ्याच नात्यानं कायदा लोगोकडे पाहतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि शुल्क भरून ती कितीही वेळा वाढवता येते. या कायद्याचं २९ वं कलम सगळ्यात महत्त्वाचं. दुसऱ्याच्या नोंदणीकृत चिन्हासारखं चिन्ह त्याच प्रकारच्या मालासाठी वापरलं आणि लोकांचा गोंधळ व्हायची शक्यता असली, तर तो भंग. चिन्ह फार नावाजलेलं असेल तर माल वेगळा असला तरी सुटका नाही. त्याच्या नावलौकिकाचा गैरफायदा घेतला किंवा त्याला धक्का लावला, एवढं पुरतं. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये ‘हल्दीराम’ हे खाद्यपदार्थांतलं सुप्रसिद्ध चिन्ह असल्याचं जाहीर केलं. नागपूरला संत्रा बर्फी घेणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही, पण ‘हल्दीराम’ला अक्षर जोडून-तोडून फरसाणाचं पाकीट काढू पाहणाऱ्यानं ते नीट लक्षात घ्यावं. आणि ‘वापर’ म्हणजे केवळ डब्यावर छापणं नाही. बिलावर, पत्रावर, जाहिरातीत चिन्ह लावणं हाही वापरच. दुकानाचं स्टेटस ही जाहिरात आहे.

मग पणती लावलेल्या त्या ट्रॅक्टरच्या लोगोचं काय? दुकानदार कंपनीचा खराच विक्रेता असेल तर त्याला चिन्ह दाखवायचा हक्क करारानं मिळालेला असतो. पण त्याच करारासोबत लोगोचे रंग, मोकळी जागा, प्रमाण कसं राखायचं याचे नियमही येतात. मोठ्या कंपन्या सणाची तयार डिझाइन्स विक्रेत्यांना पाठवतात ती त्यासाठीच. दुकानदार नुसता बाजारातले सुटे भाग विकत असेल, तर तो माळ घातलेला लोगो गिऱ्हाइकाला सांगतो की हा कंपनीचा माणूस आहे. तो तसा नाही. माळेनं, पणतीनं, बदललेल्या रंगानं यातलं काहीच बदलत नाही.

शेजारी शेजारी ठेवून पाहायचं नाही

“सेम टू सेम थोडाच हाये? एवढा फरक केला ना,” हे वाक्य मी वरूडमध्ये फ्लेक्सच्या दुकानात ऐकलं, रेडिमेड कपड्यांच्या दुकानात ऐकलं आणि बाजारातही ऐकलं. नामांकित बुटांच्या नावात एक अक्षर फिरवलेले टी-शर्ट तिथे राजरोस टांगलेले असतात. फरक केला की सुटलो, असा हिशेब असतो. सर्वोच्च न्यायालयानं तो हिशेब फार पूर्वीच खोडून काढला आहे.

पार्ल्याच्या पार्ले प्रॉडक्ट्सनं म्हैसूरच्या जे. पी. अँड कंपनीवर केलेला दावा १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर अंगणात उभी पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या, मागे घर आणि झाडं. म्हैसूरच्या वेष्टनावरही मुलगी, पण तिच्या डोक्यावर गवताचा भारा आणि हाती विळा; गाई-कोंबड्या होत्या, पण वेगळ्या काढलेल्या. एक-एक तपशील मोजला तर फरक भरपूर. न्यायालय म्हणालं, दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजायचे नाहीत. आकार, रंगसंगती, एकूण मांडणी यांचा मनावर जो ठसा उमटतो तो पाहायचा, कारण ग्राहक दुकानात येताना जुनं वेष्टन हातात धरून येत नाही. निकाल पार्लेच्या बाजूनं लागला. त्याआधी १९६२ मध्ये ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या वादात याच न्यायालयानं मोजमाप ठरवून दिलं होतं: बेताची हुशारी आणि अर्धवट आठवण असलेला साधा माणूस फसेल का?

वरूडला हा साधा माणूस पाहायचा असेल तर मृगाच्या आधी कृषी केंद्रात जाऊन उभं राहावं. मागच्या साली वापरलेल्या बियाण्याचं नाव त्याला अर्धं आठवत असतं, पाकिटाचा रंग पुरता आठवत असतो, वरचं चित्र डोळ्यांसमोर असतं. “ते हिरवं पाकीट द्या बावा, कपाशीचं, ज्याच्यावर असं असं हाये.” हातानं तो हवेत आकार काढून दाखवतो. तेवढ्या आकारावर त्याचा पूर्ण खरीप उभा असतो. दर हंगामाआधी विदर्भात बोगस बियाण्यांच्या पाकिटांवर कृषी विभागाच्या भरारी पथकांना धाडी घालाव्या लागतात, त्या याच आकाराच्या चोरीसाठी. म्हणून बिल, पाकीट आणि त्यावरचा टॅग कापणी होईपर्यंत जपून ठेवा, असं कृषी विभाग वारंवार सांगतो.

याहून लांबचं नुकसान शेंदुरजना घाटच्या बाजूला कळतं. तिथल्या रोपवाटिकांतून संत्र्याची कलमं दूरदूर जातात. जंबेरीच्या खुंटावर भरलेलं कलम दिसायला सगळीकडे सारखंच. ते कसं निघालं हे कळायला झाड फळावर यावं लागतं, आणि त्याला चार-पाच वर्षं लागतात. तोवर शेतकऱ्यानं खड्डे केलेले, ठिबक टाकलेलं, कर्ज काढलेलं असतं. या धंद्यात नर्सरीचं नाव हेच सर्वस्व. एका नर्सरीवाल्या काकांनी मोबाइल काढून फेसबुकचं एक पान दाखवलं. त्यांच्याच पाटीवरचं संत्र्याच्या फांदीचं चित्र, फांदी उलट्या बाजूला वळवलेली, नाव जवळपास तेच, नंबर भलताच. “कलम त्याचं खराब निघन आन् शिव्या आमाले पडतीन,” ते म्हणाले. त्यांनी चिन्हाची नोंदणी केलेली नव्हती. तरीही ते निराधार नाहीत. नोंदणी नसलेल्या नावाची पत चोरून आपला माल त्याचा म्हणून खपवणं यावर दाद मागता येते. फक्त ही पत आपली होती आणि किती वर्षांची होती, हे त्यांना स्वतः सिद्ध करावं लागेल. आणि दुसरा खरंच त्याच आडनावाचा, वाटण्या झालेला चुलतभाऊ निघाला तर ३५ वं कलम त्याला प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरू देतं. स्वतःचं नाव वापरू देतं; दुसऱ्याची फांदी वळवून घेऊ देत नाही.

‘इथे दुरुस्त करून मिळेल’

दुसऱ्याचा लोगो लावणारा प्रत्येक जण चोर असतो असं नाही. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरानं कुठले फोन दुरुस्त करतो हे सांगायचं तरी कसं? कंपनीचं नाव घेतल्याशिवाय ते सांगता येत नाही, आणि कायद्यालाही हे मान्य आहे. ३० व्या कलमात सुट्या भागांसाठी आणि जोड-वस्तूंसाठी अशी मुभा आहे: आपला माल दुसऱ्याच्या मालाला लागू पडतो हे सांगण्यापुरतं नाव वापरणं वाजवी गरजेचं असेल आणि त्यानं मालाच्या मुळाबद्दल गैरसमज होत नसेल, तर तो भंग ठरत नाही.

ही मुभा कुठे संपते हे हॉकिन्सच्या प्रकरणात दिसतं. मुरुगन एंटरप्रायजेस नावाचा उत्पादक प्रेशर कुकरच्या गॅस्केट आपल्या नावानं विकत होता आणि पाकिटावर ‘हॉकिन्स कुकरसाठी योग्य’ असं लिहीत होता. त्यात ‘हॉकिन्स’ हा शब्द वेगळ्या रंगात, नजरेत भरेल असा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं २०१२ मध्ये त्याला मनाई केली. गॅस्केट विकायला दुसऱ्याचं नाव असं उठून दाखवण्याची गरज नव्हती, असा त्याचा मथितार्थ. उलट बाजूचं उदाहरण युरोपातलं. हॉलंडमधल्या डीनिक नावाच्या स्वतंत्र गॅरेजवाल्यावर बीएमडब्ल्यू कंपनीनं खटला भरला, तेव्हा १९९९ मध्ये युरोपीय न्यायालयानं सांगितलं की बीएमडब्ल्यू दुरुस्त करतो हे लोकांना सांगायला त्याला ते नाव घेता येईल. कंपनीशी आपला खास संबंध आहे असं मात्र भासवता येणार नाही.

वरूडच्या पाटीवर हे उतरवायचं तर असं: दुकानाचं आपलं नाव सगळ्यात मोठं. खाली साध्या अक्षरांत, ‘अमुक आणि अमुक कंपनीचे मोबाइल दुरुस्त केले जातात’. लोगोऐवजी नाव लिहिलं तर बहुतेक भांडणं जन्मालाच येत नाहीत, कारण ओळख पटवायला नाव पुरतं आणि रुबाब दाखवायला लोगो लागतो. ‘अधिकृत’ हा शब्द, कंपनीकडून कागद नसेल तर, पाटीवर नको आणि स्टेटसवरही नको. मी पाहिलेल्या पाट्यांत सगळ्यात जास्त हाच शब्द होता.

काही चिन्हं तर कुणाही व्यापाऱ्याला लावता येत नाहीत. दवाखान्याच्या पाटीवर सर्रास दिसणारा लाल क्रॉस १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानं राखीव आहे. चिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्ध १९५० चा कायदा आहे. त्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. दिनदर्शिकेवरच्या चित्राला सवलत आहे, पण त्यावर फक्त उत्पादक-मुद्रकाचं नाव असावं आणि ती मालाची जाहिरात नसावी, ही अट आहे.

रागानं बदललेला लोगो

फळगळीनं बाग रिकामी झालेल्या एका तरुण शेतकऱ्यानं मला त्याच्या मोबाइलमधलं चित्र दाखवलं. औषध फवारणीच्या एका कंपनीचा लोगो. त्यातलं पान त्यानं सुकवलं होतं आणि खाली संत्र्यांचा सडा काढला होता. घोषवाक्याचा एक शब्द बदलला होता. “हे टाकू का नको?” त्यानं विचारलं. माझ्या दृष्टीनं हा या लेखातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, कारण इथे दुसऱ्याची पत उसनी घ्यायचा हेतू नाही. इथे त्या पतीला जाब विचारला जातोय.

भारतात या प्रश्नावरचा महत्त्वाचा निकाल आहे टाटा सन्स विरुद्ध ग्रीनपीस. ओडिशाच्या किनाऱ्यावर धामरा बंदर होत होतं. त्यामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका आहे, असं ग्रीनपीसचं म्हणणं होतं. त्यांनी इंटरनेटवर पॅकमॅनसारखा एक खेळ टाकला. त्यात कासव ठिपके खात पळतं आणि टाटांचा ‘टी’ लोगो राक्षस होऊन त्याच्या मागे लागतो. टाटांनी दहा कोटी रुपयांची भरपाई मागितली आणि खेळ थांबवा म्हणून अर्ज केला. २८ जानेवारी २०११ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी तो खेळ थांबवायला नकार दिला. सार्वजनिक महत्त्वाच्या प्रश्नावर टीका करण्यासाठी, विडंबनासाठी चिन्हाचा असा वापर हा धंद्यासाठीचा वापर नव्हे, त्याला ‘योग्य कारण’ आहे, आणि भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न असताना खटल्याआधीच तोंड बंद करता येत नाही, ही त्यामागची भूमिका. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयानं २००५ मध्ये याच वाटेनं निकाल दिला. तिथे एका बीअरच्या प्रसिद्ध लोगोत शब्द बदलून कंपनीच्या काळ्या मजुरांना दिलेल्या वागणुकीबद्दल बोलणारे टी-शर्ट निघाले होते. त्यानं कंपनीचं आर्थिक नुकसान होणार हे सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

पण विनोदाची मुभा अमर्याद नसते. अमेरिकेत जॅक डॅनियल्सच्या व्हिस्कीच्या बाटलीची नक्कल करून कुत्र्यांसाठी खेळणं काढणाऱ्या कंपनीला जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बजावलं: बदललेलं चिन्ह तुम्ही स्वतःच्या मालाची खूण म्हणून वापरत असाल, तर विडंबन म्हटल्यानं खास सूट मिळत नाही. प्रतिस्पर्ध्यानं केलेली थट्टा तर आणखी वेगळी. कोका-कोलाच्या जाहिरातीत पेप्सीची ‘पप्पी’ म्हणून खिल्ली उडवली गेली, त्याला दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं २००३ मध्ये मालाची बदनामी ठरवलं. आपला माल सगळ्यात चांगला म्हणा, त्याचा वाईट म्हणू नका, असा तो जुना नियम आहे. आणि टीकाकार एकटा माणूस असला तरी त्याच्यावर सत्याची जबाबदारी असते. पॅराशूट खोबरेल तेलावर व्हिडिओ करणाऱ्या एका यूट्यूबरविरुद्ध मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती काथावाला यांनी जानेवारी २०२० मध्ये तो व्हिडिओ काढायला सांगितला; मत म्हणून नव्हे तर वस्तुस्थिती म्हणून जे मांडलं त्याला पुरेसा आधार नव्हता, हा त्यातला मुद्दा. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण धडा उरतो.

म्हणून त्या तरुणाला मी जे कळलं ते सांगितलं. चित्र टाकायचं असेल तर त्याच्यासोबत आपली खरी हकिकत टाक: कुठली फवारणी, कुठल्या तारखेला, बिल कुठलं, किती फळ गळलं. ‘माझ्या बागेत असं झालं’ हे वाक्य तुझ्याजवळ पुराव्यासह आहे; ‘हे औषध विष आहे’ हे वाक्य तुझ्याजवळ नाही. चित्रावरून ते कंपनीचंच आहे असा कुणाचा समज व्हायला नको. त्यावर काही विकू नको. व्यापारचिन्हाच्या कायद्यातून सुटलास तरी मानहानीचा कायदा वेगळा उभा असतो, आणि त्याच्यापुढे खरं बोलणं आणि लोकहित हीच ढाल असते. एवढं सांभाळलंस तर बोलण्याचा हक्क तुझा आहे.

नोटीस येते तेव्हा

गोष्टी बहुधा न्यायालयापर्यंत जात नाहीत. पहिला फटका फेसबुक किंवा इन्स्टाग्रामकडून बसतो. कंपनी त्यांच्या ठरलेल्या अर्जात तक्रार भरते, पोस्ट उडते, तीन-चारदा झालं तर दुकानाचं अख्खं पान जातं. वर्षानुवर्षं जमवलेली गिऱ्हाइकं त्या पानासोबत जातात. दुसरी पायरी वकिलाची नोटीस. इंग्रजीतली, रजिस्टरनं आलेली, आत लाखांचे आकडे. ती पाहून घरातल्या बाया-माणसांचं जेवण उतरत नाही, असं मी तिथे ऐकलं.

नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नाही. ती एका बाजूचं म्हणणं आहे. तरी ती पेटीत टाकून विसरण्यासारखीही नाही. तारीख लिहून ठेवावी, पोस्टचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, पाठवणाऱ्याजवळ कंपनीचं अधिकारपत्र आहे का ते विचारावं, आणि चिन्हाची नोंदणी कुठल्या वर्गात आहे ते व्यापारचिन्ह नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहावं. खरंच आपलं चुकलं असेल तर पोस्ट काढून तसं लेखी कळवलं की बहुतेक भांडणं तिथेच मिटतात. आणि धमकी निराधार असेल तर कायदा दुसऱ्या बाजूलाही आहे: १४२ व्या कलमाखाली, विनाकारण धमकावला गेलेला माणूस स्वतः न्यायालयात जाऊन ती धमकी थांबवून घेऊ शकतो आणि नुकसानभरपाई मागू शकतो. फक्त कंपनीनं खरोखर दावा लावला तर ही वाट बंद होते.

दावा लागलाच तर तो जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, आणि कंपनी जिथे धंदा करते तिथेही तो दाखल करायची मुभा १३४ व्या कलमानं तिला दिली आहे. अमरावतीला नव्वदेक किलोमीटर जाणं वेगळं आणि मुंबईच्या तारखा करणं वेगळं. बनावट माल विकणं हा तर फौजदारी गुन्हा: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण धाड घालणारा अधिकारी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाचा किंवा वरचा हवा आणि झडतीआधी त्यानं नोंदणी अधिकाऱ्याचं मत घ्यायला हवं, ही अट कायद्यात आहे. नुसता कंपनीचा एजंट येऊन दुकानातला माल उचलू लागला तर त्याला हे विचारायचा हक्क दुकानदाराला आहे. कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमाची शिक्षा तेवढीच, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

वरूडचं ते वरूडचं

दुसऱ्याची चिन्हं वापरणाऱ्या या गावाचा माल ज्या नावानं विकला जातो, ते नावही दुसरे वापरतात. वरूड-मोर्शीचा संत्रा बाजारात ‘नागपुरी’ म्हणूनच जातो. ‘नागपूर संत्रा’ला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते कुणा एका कंपनीचं नसतं, त्या मातीतल्या सगळ्या उत्पादकांचं मिळून असतं. पण ते नाव कायद्याच्या बळानं वापरायला उत्पादकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. ती केली की दिल्लीच्या मंडीत दुसरंच फळ ‘नागपुरी’ म्हणून विकणाऱ्याला अडवायचा हक्क त्याच्याकडे येतो. पंजाबचा किन्नू नागपुरीच्या नावावर खपवतात, ही इथल्या बागाईतदारांची जुनी तक्रार आहे. ऑनलाइन विक्रीत ती आणखी वाढली, कारण तिथे ग्राहकाला फळ हातात येण्याआधी फक्त चित्र आणि नाव दिसतं.

एका कोटिंगच्या शेडमध्ये फळं पट्ट्यावरून येत होती. धुतलेली, मेण चढवलेली, आकारानुसार वेगळी होणारी. पट्ट्याच्या शेवटी बाया प्रत्येक फळावर रुपयाएवढं गोल स्टिकर चिकटवत होत्या. स्टिकरवर एक पान, आत इंग्रजी अक्षरं, बाजूला गोलातलं आर. कंपनी कुठली, असं विचारल्यावर मालक म्हणाले, “कंपनी कोणती नाई जी. छापखान्यात तयार भेटतात. परदेशी दिसलं की भाव चांगला येते.” गोलातलं आर नोंदणीकृत चिन्हाशिवाय लावायला कायद्यानं मनाई आहे, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या मनाला जास्त लागलं ते दुसरंच. ज्या फळासाठी हा तालुका ओळखला जातो, त्या फळावर गावाचं नाव नव्हतं.

आपलं चिन्ह नोंदवणं आता फार अवघड राहिलेलं नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातात. व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी एका वर्गाचं ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये आहे. मालाचे-सेवांचे एकूण ४५ वर्ग. ताजी फळं आणि रोपं ३१ व्या वर्गात, रस ३२ व्या. चिन्ह जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात. नोंदणीआधीपासूनचा वापरही मोलाचा असतो. पुण्यातलं ‘बर्गर किंग’ नावाचं हॉटेल १९९२ पासून ते नाव वापरत होतं. अमेरिकेच्या बलाढ्य कंपनीनं लावलेला दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं २०२४ मध्ये फेटाळला तो याच आधारावर. कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि लढाई पुढे सुरू राहिली. पण जुनी बिलं आणि जुन्या पाट्यांचे फोटो जपणं म्हणजे काय, हे त्यातून कळतं.

आणखी एक गोष्ट वरूडच्या दुकानदारांनी आणि डिझायनरांनी मिळून लक्षात घ्यावी. गावातल्या पोराकडून पैसे देऊन लोगो काढून घेतला तरी, तो तुमचा पगारी नोकर नसेल आणि लेखी करार नसेल, तर त्या चित्राचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहू शकतो. दोन ओळींचा सही केलेला कागद हा प्रश्न मिटवतो. त्या कागदात डिझायनरचाही मान आहे. आज जो दुसऱ्यांचे लोगो कापून चिकटवतो, त्याच्या हातात नवा लोगो काढायची कलाही आहे, आणि तिचा योग्य मोबदला त्याला कुणीतरी द्यायला हवा.

लोगो बदलला म्हणून कुणी दोषी होत नाही आणि बदलला म्हणून कुणी सुटत नाही. ज्याच्या बदलानं ग्राहकाला खरं कळतं, त्याच्या पाठीशी कायदा उभा राहतो. ज्याच्या बदलानं दुसऱ्यानं कमावलेला विश्वास फुकट खिशात येतो, त्याच्या विरुद्ध. यंदा दिवाळीचा फलक करायला द्याल तेव्हा आपल्या दुकानाचं नाव सगळ्यात मोठं लिहा. कंपनीचा लोगो हवाच असेल तर कंपनीकडून मागून घ्या आणि आला तसा लावा. तक्रार असेल तर बिल हातात घेऊन, नाव घेऊन, न घाबरता करा. आणि संत्र्याच्या पेटीवर वरूडचं नाव छापा. ते नाव इथल्या बागांनी कमावलेलं आहे, आणि ते लावायला कुणाची परवानगी लागत नाही.